परगावच्या मजुराचे आजारपण

आजारी मनुष्य वैद्याकडे गेला म्हणजे वैद्य त्याची नाडी पाहतो आणि काय होते म्हणून विचारतो. तोच मनुष्य सार्वजनिक दवाखान्याच्या खिडकीशी गेला, म्हणजे त्यास पुष्कळदा पहिला प्रश्न पडतो तो, 'राहता कोठे?' ज्याचे घर, शेत, आप्त आणि शिधापत्रिका ही सर्व एकाच गावी आहेत त्यास या प्रश्नात अवघड असे काहीच वाटत नाही. परंतु जो मनुष्य वर्षातील सहा महिने एका ठिकाणी घाम गाळतो व सहा महिने दुसऱ्या ठिकाणी वाट पाहतो, त्याची जीभ या साध्या प्रश्नाशीच अडखळते. तो जेथे आजारी पडतो तेथला नसतो, आणि जेथला असतो तेथे आजारी पडावयास त्यास सवड नसते. गेल्या सव्वाशे वर्षांत आपल्या प्रांतात अशा परगावच्या मजुराच्या आजारपणाची विचारपूस कोणी, केव्हा व कशासाठी केली, याचा थोडासा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असा आमचा येथे हेतू आहे. हा इतिहास ज्ञानासाठी ज्ञान म्हणून आम्ही सांगत नाही. त्यातील एक चूक आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत, व ती अद्यापि पुरती सुधारलेली नाही, असे आमचे मत आहे.

आरंभ मुंबईपासून करणे प्राप्त आहे. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापसाच्या गिरणीचा पाया घातला, आणि त्यानंतरच्या चाळीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा या भागांचे रूप पालटून गेले. या गिरण्या चालविणारे हात मुंबईचे नव्हते. ते रत्नागिरीचे होते, सातारा व पुणे जिल्ह्यांतील होते, घाटमाथ्यावरचे होते, आणि पुढे उत्तर हिंदुस्थानातलेही आले. १९२१ च्या खानेसुमारीत असे आढळून आले की, मुंबईतील दर शंभर माणसांपैकी ८४ माणसे मुंबईबाहेर जन्मलेली आहेत. म्हणजे ज्यास आपण मुंबईकर म्हणतो तो शंभरात सोळाच होता. बाकीचे शहर पाहुण्यांचेच होते, व त्या पाहुण्यांच्याच बळावर ते उभे होते.

हा पाहुणा राहत असे कसा? कोकणातल्या एका गावचे दहा-पंधरा गडी मिळून चाळीत एक खोली घेत. दिवसपाळीचे लोक कामावर गेले की रातपाळीचे त्याच जागी पथारी टाकीत. जेवण एखाद्या खानावळवालीकडे, पैसे गावी आईच्या किंवा बायकोच्या नावे, आणि शिमगा-गणपतीस आगबोटीने घर. गोमंतकातून येणाऱ्या ख्रिस्ती खलाशांनी व आचाऱ्यांनी तर धोबीतलावाच्या आसपास गावोगावचे 'कूड' स्थापन केले होते. तेथे प्रत्येकाची पेटी भिंतीशी असे आणि गावच्या संताची तसबीर समोर असे. आजारी पडल्यावर मजुरास पहिला आधार मिळे तो या गाववाल्या सोबत्यांचा. पेज करून देणे, घरी कागद धाडणे, आणि दुखणे हटेनासे झाले म्हणजे त्यास बोटीवर बसवून देणे, एवढी त्या काळची आरोग्यव्यवस्था. ती तोकडी होती यात संशय नाही. परंतु तिच्यात एक गुण होता, व तो पुढील हकीकत वाचताना ध्यानात ठेवावा: ती रोग्याच्या पथारीजवळ होती, आणि तिच्यावर त्याचा विश्वास होता.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात डॉक्टर आकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे रोगी ओळखले. हे डॉक्टर स्वतः गोमंतकातून मुंबईस आलेले होते. परगावच्या माणसांनी वाढविलेल्या शहराचे संकट परगावच्याच एका वैद्याने प्रथम ओळखावे, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. त्या दिवसापर्यंत गिरणीकामगार कोठे निजतो, काय पितो, कशाने मरतो, याची फिकीर शहराच्या कारभाऱ्यांस फारशी नव्हती. आता ती एकाएकी उत्पन्न झाली. घरोघर झडत्या सुरू झाल्या, छपरे उघडून उजेड पाडण्यात आला, रोग्यांस उचलून इस्पितळांत व त्यांच्या सोबत्यांस छावण्यांत नेण्यात येऊ लागले, आगगाडीच्या स्थानकांवर उतारूंची तपासणी होऊ लागली. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला व या सर्व उपायांस दंडशक्तीचे पाठबळ दिले.

याचा परिणाम काय झाला? १८९६ च्या २९ ऑक्टोबर रोजी सुमारे एक हजार गिरणीकामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. त्या काळच्या पुष्कळ अधिकाऱ्यांनी या प्रकारास अज्ञान व अंधश्रद्धा अशी नावे देऊन आपले समाधान करून घेतले. इस्पितळात माणसे मुद्दाम मारतात अशा कंड्या पिकल्या होत्या हे खरे. परंतु कंडी पिकते ती विश्वास नसलेल्या जमिनीतच पिकते. त्या कामगारांच्या अनुभवात इस्पितळ म्हणजे जेथून माणूस बहुधा परत येत नाही अशी जागा होती. तेथे नेल्यावर गाववाल्यांची भेट दुरापास्त, मेल्यावर घरच्यांस खबर कोण देणार ते ठाऊक नाही, आणि मागे खोलीतील भांडीकुंडी व गाठीस असलेले चार रुपये यांचे काय होणार तेही ठाऊक नाही. ज्यास शहराने निरोगी असता कधी दारात उभे केले नाही, त्याने तेच शहर त्यास आजारी असता उचलून नेऊ लागले तेव्हा त्याच्या हेतूविषयी शंका घेतली, तर त्यास केवळ अडाणी म्हणून मोकळे होणे आम्हांस न्यायाचे दिसत नाही.

मग लोकांनी त्यांच्यापुढे उघडा असलेला एकच मार्ग धरला. ते गावी निघाले. १८९१ च्या खानेसुमारीत सव्वाआठ लाखांच्या घरात असलेल्या या शहरातून १८९७ च्या आरंभीच्या महिन्यांत जवळजवळ निम्मी वस्ती निघून गेली. गिरण्यांची चाके थांबू लागली तेव्हा मालकांस मजुराची किंमत कळली. जे मालक महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात कितीतरी दिवस अडकवून ठेवीत, तेच आता रोजची मजुरी रोज देऊ लागले, आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून एकमेकांवर चढ करून मजूर मिळवू लागले. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. त्या आणीबाणीत मजुरास मालकाने मजुरी वाढवून दिली, सरकारने तपासणी दिली. परंतु तो निजतो त्या जागी, त्यास विश्वास वाटेल अशा हातांनी औषध देण्याची व्यवस्था मात्र दोघांपैकी एकानेही प्रथम केली नाही.

ती व्यवस्था पुढे थोडीफार झाली, पण आणखी एक धडा मिळाल्यावर. १८९८ च्या मार्च महिन्यात मदनपुरा भागात, उत्तर हिंदुस्थानातून येऊन वसलेल्या जुलाहा विणकरांच्या वस्तीत, एका आजारी मुलीस तपासावयास गेलेल्या मंडळींवरून मोठी दंगल उसळली. त्यापूर्वी पुण्यास झडत्यांच्या कडकपणाची परिणती १८९७ च्या जूनमध्ये रँडच्या वधात झाली होतीच. यानंतर सरकारचे धोरण मऊ पडले. निरनिराळ्या जातिजमातींस आपापली इस्पितळे काढण्यास उत्तेजन मिळाले, आप्तांस रोग्याजवळ राहता येऊ लागले, सक्तीऐवजी मन वळविण्यावर भर आला. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली होती. ती लस लोकांनी घेतली ती पुष्कळ अंशी समजुतीने घेतली. आणि त्याच काळात पुण्याजवळ हडपसरच्या माळावर सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंत यांनी रोग्यांसाठी दवाखाना चालविला होता. तेथे सावित्रीबाईंनी स्वतः रोगी वाहून आणले, व त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. एकीकडे बंदुकीच्या पहाऱ्यातील विलगीकरण, व दुसरीकडे आपल्या माणसाने खांद्यावरून नेलेला रोगी, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षाच्या आहेत. रोग एकच, औषधही बहुतेक सारखेच अपुरे. फरक होता तो उपचार करणारा रोग्यास काय समजतो यात: धोका समजतो, की माणूस.

प्लेगची भीती ओसरली तशी शहराची आस्थाही ओसरली. १८९८ साली मुंबईत सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने कोंदट वस्त्या पाडून रुंद रस्ते केले खरे. परंतु ज्यांच्या खोल्या पाडल्या त्यांपैकी अनेकांस नव्या जागेचे भाडे परवडेना, आणि ते शेजारच्या चाळींतच अधिक दाटीने राहू लागले. या दाटीचा हिशेब १९२१ साली मिळाला. त्या वर्षी मुंबईत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या मुलांचा आकडा साडेसहाशेहून अधिक लागला, आणि एकखोली बिऱ्हाडांत तर तो आठशेच्या वर गेला. हे आकडे वाचून कोणाचेही मन विषण्ण होईल. परंतु त्यांच्या पोटात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, व आमच्या विषयास ती अधिक जवळची आहे. गिरणीतील पुष्कळ बाया बाळंतपणास गावी जात. मुलाचा जन्म कोकणातल्या किंवा घाटावरच्या गावी नोंदला जाई. आई मूल घेऊन चाळीत परत येई, आणि मूल दगावले तर त्याचा मृत्यू मुंबईच्या वहीत नोंदला जाई. म्हणजे जन्म एका दप्तरात व मृत्यू दुसऱ्या दप्तरात. त्यामुळे मुंबईचा आकडा वास्तवापेक्षा फुगला, असे त्या वेळच्या जाणत्यांनीही दाखवून दिले होते. ते बरोबरच होते. परंतु आकडा फुगलेला होता एवढे सांगून भागत नाही. ज्या मुलाचा जन्म एका ठिकाणी व मरण दुसऱ्या ठिकाणी लिहिले जाते, त्याच्या मधल्या आयुष्याची जबाबदारी कोणत्याच ठिकाणावर नसते, हा त्याचा खरा अर्थ आहे. परगावच्या मजुराची सारी अडचण त्या दोन वह्यांमधील मोकळ्या जागेत आहे.

त्याच सुमारास मुंबई सरकारने डॉक्टर फ्लॉरेन्स बार्न्स या बाईंस गिरण्यांतील स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यास नेमले. कामावर जाणाऱ्या आया आपल्या तान्ह्या मुलांस अफू देऊन निजवितात, व हा प्रकार विरळा नसून जवळजवळ सार्वत्रिक आहे, असे त्यांस दिसून आले. शिष्ट समाजाने या आयांस दूषणे दिली. परंतु गावी जी सासू किंवा जाऊ मूल सांभाळती ती येथे नाही, गिरणीत पाळणाघर नाही, आणि एक दिवसाचा खाडा पडला तर मजुरी नाही, अशा स्थितीत त्या बाईपुढे दुसरा उपाय कोणता होता, हे सांगण्यास दूषण देणारे पुढे आले नाहीत.

या पाहणीतून व मजूरपक्षाच्या चळवळीतून प्रसूतिसाहाय्याचा प्रश्न कायदेमंडळात आला. ना. म. जोशी यांचा मध्यवर्ती कायदेमंडळातील प्रयत्न फसला. परंतु मुंबई कायदेकौन्सिलात आसवले यांनी आणलेल्या बिलास यश आले. १९२८ च्या जुलैत त्या बिलास पाठिंबा देताना डॉक्टर आंबेडकर यांनी असा मुद्दा मांडला की, आईला बाळंतपणापूर्वी व नंतर विसावा मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, म्हणून त्याचा बराचसा भार वस्तुतः सरकारने उचलावयास हवा. तथापि त्या बाईच्या श्रमाचा लाभ मालकास होत असल्याने त्याने भार उचलणेही गैर नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली कायदा झाला. या देशातील अशा प्रकारचा तो पहिलाच कायदा. त्याचे मोल कमी लेखण्याची आमची इच्छा नाही. परंतु भार सरकारवर न पडता मालकावर पडला, आणि म्हणून लाभ मिळण्यास त्याच मालकाच्या हजेरीपटावर ठराविक महिने नाव असणे आवश्यक झाले. जी बदलीवर काम करी, जी हंगामापुरती येई, जी मुकादमाच्या हाताखाली राबे, तिचे नाव त्या पटावर टिकत नसे. ज्या स्त्रीस आधाराची सर्वांत अधिक गरज, तीच कायद्याच्या कुंपणाबाहेर राहिली.

पुढे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर दोन मोठे विचार झाले. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे त्याचे मूलतत्त्व. आणि आरंभी दर चाळीस हजार वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, ही त्याची योजना. दुसरीकडे अदारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्यविम्याची रूपरेषा दिली. तीवरून १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला व १९५२ साली कानपूर आणि दिल्ली येथे त्याची अंमलबजावणी सुरू झाली. या दोन्ही योजना थोर होत्या, व त्यांनी वाचविलेल्या जिवांची गणती करणे कठीण आहे. परंतु त्यांची दारे कोठे उघडतात ते पाहावे. पहिले दार गावच्या रहिवाशासाठी, दुसरे कारखान्याच्या पटावरील कामगारासाठी. जो गावात नाही व पटावरही नाही, त्याच्यासाठी तिसरे दार काढावे असे कोणास सुचले नाही. आरोग्य केंद्राचे माणूसबळ, औषधे, लशी, पुढे २००५ नंतर आलेल्या आशा कार्यकर्त्यांची नेमणूक, ही सर्व त्या त्या ठिकाणच्या वस्तीच्या मापाने ठरली. हंगामात ज्या गावाच्या शिवारात हजार माणसे अधिक येतात त्या गावाच्या केंद्रास त्यांच्यासाठी एक गोळीही अधिक मिळत नाही. आणि ज्या गावातून ती हजार माणसे जातात तेथील यादीत त्यांची नावे तशीच राहतात. दोष एखाद्या परिचारिकेच्या मनाचा नाही. ज्या मापाने तिचे काम मोजले जाते त्या मापाचा तो दोष आहे.

१९७९ साली संसदेने परप्रांतीय मजुरांसाठी निराळा कायदा केला. ठेकेदाराने अशा मजुरांस राहण्यास योग्य जागा व विनामूल्य औषधोपचार पुरविला पाहिजे, असे त्यात स्पष्ट घातले होते. कायदा कागदावर उत्तम होता. परंतु ठेकेदार मजुरांची नोंदच करीत नसे, आणि नोंद नाही म्हणून मजूर नाही, मजूर नाही म्हणून औषध नाही, अशी ती साखळी होती. शिवाय या कायद्यात 'परगावचा' म्हणजे राज्याची सीमा ओलांडून आलेला. बीडचा मजूर कर्नाटकात ऊस तोडावयास गेला तर तो या कायद्याच्या व्याख्येत बसे. तोच सांगली-कोल्हापुरात गेला तर बसत नसे. घरापासून तो तितकाच दूर, पालात तितकाच उघडा, पण कायद्याच्या लेखी घरातच!

या ऊसतोड मजुरांची स्थिती आजच्या काळातील या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील, लाखो माणसे गाव सोडून कारखान्यांच्या शिवारांत पाले ठोकतात, ती उन्हाळा लागेपर्यंत. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' समजला जातो. मुकादम हंगामापूर्वी त्या जोडीस उचल देतो. ती उचल ऊस तोडून फेडावयाची. एक दिवस खाडा झाला तर मजुरी तर जातेच, पण वर दंडही बसतो. पहाटेपासून तोड, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावर वाहून गाडी भरणे. गाडी रात्री आली तर रात्री भरणे. पालाजवळ नळ नाही, संडास नाही, आडोसा नाही. अशा स्थितीत बाईस पाळीचा त्रास झाला, अंगावरून जाऊ लागले, तर ती काय करील? आरोग्य केंद्र काही कोस दूर, त्याची वेळ तिच्या तोडीची वेळ, आणि तेथे जाण्याची किंमत एक खाडा. म्हणून ती दुखणे अंगावर काढते. आणि हंगाम संपल्यावर गावाकडील खाजगी दवाखान्यात गेली म्हणजे पिशवीच काढून टाका, असा सल्ला तिच्या कानी पडतो. २०१९ साली या गोष्टीचा बोभाटा झाल्यावर सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा स्त्रियांत एक.

हा आकडा आम्ही पुनःपुन्हा वाचला. १९२१ च्या आईने मुलास अफू दिली, कारण तिला खाडा परवडत नव्हता. शंभर वर्षांनंतरच्या बाईने आपल्याच देहाचा अवयव दिला, व त्यातही खाड्याचा वाटा थोडाथोडका नाही. मधल्या काळात वैद्यकशास्त्र कोठच्या कोठे गेले. ते या बाईच्या पालापर्यंत तेवढे पोचले नाही. प्राथमिक उपचार वेळेवर न मिळाल्याची किंमत शेवटी मोठ्या शस्त्रक्रियेने द्यावी लागते, आणि ती किंमत तिनेच कर्ज काढून द्यावयाची.

२०२० साली करोनाची साथ आली, आणि १८९७ चाच साथीच्या रोगांचा कायदा पुन्हा पुकारण्यात आला. २५ मार्चपासून देश बंद झाला. पुन्हा एकदा शहरांतील मजुरांनी गावची वाट धरली; या वेळी आगबोट नव्हती व आगगाडीही नव्हती, म्हणून ते पायी निघाले. ८ मे रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे, जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशातील सोळा मजूर थकून रुळांवर निजले असता मालगाडीखाली चिरडले गेले. सव्वाशे वर्षांपूर्वी शहर सोडून जाणाऱ्यांस त्या काळच्या राज्यकर्त्यांनी अडाणी म्हटले होते. या वेळी तसे म्हणण्याचे धैर्य फारसे कोणास झाले नाही, एवढीच प्रगती मानावयाची काय?

यावर कोणी म्हणतील की, जो आज येथे व उद्या तेथे त्यास औषध पोचवावे तरी कसे? हे कामच अशक्यप्राय आहे. या आक्षेपास उत्तर देण्यास आम्हांस तर्क करण्याची गरज नाही. इतिहासच ते देतो. पोलिओच्या निर्मूलनाची मोहीम अखेरच्या टप्प्यात आली तेव्हा असे दिसून आले की, रोग टिकून राहतो तो याच फिरत्या वस्त्यांत. मग वीटभट्ट्या, बांधकामे, भटक्यांचे तळ यांच्या याद्या करण्यात आल्या. स्थानकांवर व बसथांब्यांवर लस घेऊन माणसे उभी राहिली. ज्या मुलास गाव नव्हते त्यास जेथे गाठले तेथे थेंब पाजण्यात आले. १३ जानेवारी २०११ रोजी देशातील शेवटचा रोगी आढळला, आणि २०१४ च्या मार्चमध्ये आपला देश पोलिओमुक्त ठरला. म्हणजे ज्या मुलास गरोदरपणापासून कोणत्याच यादीत जागा नव्हती तेच मूल, देशास त्याची गरज लागताच, दोन थेंबांसाठी बिनचूक सापडले! जो दोन थेंबांसाठी सापडतो तो तापासाठी, खोकल्यासाठी, आईच्या रक्तक्षयासाठी का सापडू नये?

याच धर्तीचे दुसरे उदाहरण शिध्याचे. शिधापत्रिका ज्या गावची त्याच गावी धान्य, हा नियम कित्येक वर्षे अचल मानला जात होता. २०१९ च्या ऑगस्टात महाराष्ट्र व गुजरात यांच्या दरम्यान तो सैल करण्यात आला, आणि पुढे ती सोय देशभर झाली. धान्याचा हक्क माणसाबरोबर चालू लागला, तर औषधाचा हक्क त्याच्या मागे गावातच का बसून राहावा?

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. परगावच्या मजुरास आजवर जो उपचार मिळाला तो तीनच नात्यांनी मिळाला: तो इतरांस रोग देईल या भीतीने, मालकाच्या पटावर त्याचे नाव आहे म्हणून, किंवा तो एखाद्या गावचा रहिवासी आहे म्हणून. भीती साथीपुरती टिकते, पट हंगामापुरता, आणि गाव तर मागेच राहते. यांपैकी कोणतेही नाते त्याच्या बरोबर चालत नाही. म्हणून उपचाराचा हक्क त्याच्या पत्त्यास न चिकटविता त्याच्या अंगास चिकटविला पाहिजे, आणि यासाठी फार मोठ्या शोधाची गरज नाही. हंगामात ज्या शिवारात वस्ती वाढते तेथील केंद्रास त्या वस्तीच्या मापाने माणसे व औषधे द्यावीत. गरोदर बाईचे कागद तिच्या गावाहून तिच्या पालापर्यंत आपोआप जावेत, तिला ते मिरवीत हिंडावे लागू नये. दवाखाना मजुराच्या सवडीच्या वेळी उघडा असावा. मुंबईत २०२२ साली निघालेल्या 'आपला दवाखाना' या योजनेत रात्री दहापर्यंतची वेळ ठेवली गेली, यावरून ही गोष्ट अशक्य नाही हे दिसतेच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आजारपणाच्या दिवसाचा खाडा धरला जाऊ नये. ज्या दिवशी दवाखान्यात जाणे म्हणजे दंड भरणे होय, त्या दिवशी दवाखाना पालाच्या शेजारी बांधला तरी त्याची पायरी कोणी चढणार नाही.

यास खर्च येईल, हे उघड आहे. परंतु हा खर्च आज कोणी करीतच नाही असे समजणे चुकीचे होईल. तो आज होतोच आहे. तो बीडमधील एखादी तीस-पस्तीस वर्षांची बाई शस्त्रक्रियेसाठी काढलेल्या कर्जाने करते, आणि ते कर्ज फेडण्यासाठी पुढल्या हंगामाची उचल घेते. प्रश्न खर्च करावा की न करावा हा नाही; तो कोणी करावा एवढाच आहे. १९२८ साली कायदेकौन्सिलात त्याचे उत्तर देण्यात आले होते. त्या उत्तरावर सही होण्याचे तेवढे बाकी आहे.

आपल्या घरातील साखर, आपल्या अंगावरचे कापड, आपण राहतो त्या इमारतीची वीट, यांपैकी बहुतेक वस्तू परगावच्या माणसाच्या हातून आपल्याकडे आलेल्या असतात. त्या वस्तू घेताना आपण त्यास 'राहता कोठे?' असे कधी विचारीत नाही. तो आजारी पडून आपल्या गावच्या दवाखान्याच्या खिडकीशी उभा राहील, तेव्हाही तो प्रश्न प्रथम न विचारता काय होते, एवढेच प्रथम विचारावे, इतकी आमची विनंती आहे.